कढीपत्त्यावरच्या अळीचं फुलपाखरू होईपर्यंत: पहिल्यांदाच अळी पाळणाऱ्यांसाठी

जून संपत आला, दोन-चार चांगले पाऊस झाले की कढीपत्त्याला आणि लिंबाला कोवळी पालवी फुटते आणि लगेच घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, पानं कोण खातंय, काय मारू? मारायच्या आधी ती कोण आहे ते बघा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. कुंडीतल्या कढीपत्त्यावर पानं कुरतडणारी जी गुळगुळीत अळी सापडते ती बहुतेक वेळा लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची असते, दोन्ही आपल्याकडे शहरात-गावात सगळीकडे आहेत, आणि त्यांना घरात वाढवून सोडणं शाळेतल्या मुलांनासुद्धा जमतं. मी दर पावसाळ्यात हे करते. नवीन माणूस कुठे कुठे गोंधळतो ते आता पाठ झालंय, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, हे सगळं बाल्कनी आणि अंगणासाठी आहे. शेतात कापसावर गुलाबी बोंडअळी किंवा मक्यावर लष्करी अळी आली असेल तर तो पोटापाण्याचा प्रश्न आहे, तिथे कृषी विभागाचा सल्ला घ्या.

१. आधी ओळख करून घ्या

अळी म्हणजे जंत किंवा गांडूळ नाही, ती पूर्ण कीटकच आहे, फक्त लहान वयातला. नीट बघितलं तर डोक्याच्या लगेच मागे सहा टोकदार पाय दिसतात, ते खरे पाय, पुढे फुलपाखरालाही तेच सहा राहतात. त्यांच्या मागे पोटाखाली जे मऊ गुबगुबीत पाय दिसतात ते तात्पुरते, त्यांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या असतात आणि प्रत्येकाच्या तळाला बारीक आकडे असतात, म्हणून पान उलटं केलं तरी ती पडत नाही. हे पाय मोजायची सवय लावून घ्या, फार उपयोगी पडते. मुळा-मोहरीवर जी काळपट अळी येते तिला अशा आठ जोड्या असतात, कारण ती फुलपाखराची नाहीच, करवत माशीची आहे, म्हणजे मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या गटातली. कुंडीच्या मातीत सापडणारी पांढरी, जाड, अर्धगोल वाकलेली हुमणी ही भुंगेऱ्याची अळी, तिला पोटाखाली पायच नसतात. आणि उंट अळीला मधले पाय कमी असतात म्हणून ती पाठ वर काढत काढत चालते.

नाकतोड्याचं पिल्लू जन्मापासून नाकतोड्यासारखंच दिसतं, फक्त पंख नसतात. फुलपाखरं, पतंग, भुंगेरे, माश्या, मधमाश्या यांचं तसं नाही, यांच्यात अंडं, अळी, कोष आणि मग पंखवाला कीटक अशा चार अवस्था असतात आणि त्यातलं खाणं आणि वाढणं हे काम जवळपास सगळं अळीच्या वाट्याला. फुलपाखरू चावू शकत नाही, सोंडेने रस पिऊ शकतं बस, अंग वाढवायला लागणारं सगळं अळीनेच साठवून ठेवलेलं असतं. त्यामुळे ज्यांना बागेत फुलपाखरं हवीत पण अळ्या नकोत त्यांना मी स्पष्टच सांगते, असं होत नाही.

अजून एक हिशोब लक्षात ठेवा. फुलपाखरं आणि पतंग मिळून दीड लाखाच्या वर जाती जगात नोंदल्या गेल्यात आणि त्यात फुलपाखरं साधारण अठरा-एकोणीस हजारच, बाकी सगळे पतंग. म्हणजे कुठल्याही झाडावर अळी दिसली तर ती पतंगाची असण्याची शक्यता जास्त, कोषातून काय निघेल याची खात्री आधीच देऊ नका, विशेषतः मुलांना. पतंग निघाला तरी तो तेवढाच बघण्यासारखा असतो हेही त्यांना सांगा.

२. हात लावू नये अशा अळ्या

हा भाग वगळू नका. अंगावर दाट केस किंवा हिरवे काटे असतील तर हाताने उचलायचं नाही, मग ती कितीही छान दिसो. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसलेले केसाळ सुरवंट सगळ्यांनी बघितलेत, त्यांचे केस नुसते अंगाला लागले तरी खाज आणि गांधी उठतात. आंबा, नारळ, एरंडाच्या पानांवर एक हिरवी, चपटी, पाठीवर काट्यांचे झुपके असलेली अळी येते, गोगलगायीसारखी सरकते, तिचा डंख फार वेदना देतो.

लागलंच तर चोळू नका, चोळल्याने केस आणखी आत जातात. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचला म्हणजे केस निघतात, मग साबण-पाण्याने धुवा, बर्फ लावा. डोळ्यात केस गेला, श्वासाला त्रास व्हायला लागला किंवा सूज पसरत गेली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा.

कढीपत्ता-लिंबावरची आपली अळी यात येत नाही. ती डिवचली की डोक्यामागून एक नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि सडक्या लिंबासारखा उग्र वास येतो, मुलं दचकतात, पण ते शिंग मऊ असतं, टोचत नाही, तो तिचा मुंग्यांना आणि इतर छोट्या शत्रूंना हाकलायचा मार्ग आहे.

३. सामान काय लागेल

विकत घ्यायला जवळपास काहीच नाही.

- रुंद तोंडाचा स्वच्छ डबा किंवा बरणी, आत हात जाईल अशी
- वर बांधायला मच्छरदाणीचा तुकडा किंवा जुनी मलमल, आणि रबर
- तळाला अंथरायला टिश्यू किंवा साधा कोरा कागद
- चित्रकलेचा मऊ ब्रश, बारीक अळी हलवायला
- पानांची फांदी उभी ठेवायला छोटी बाटली, आणि तिच्या तोंडात कोंबायला कापूस
- दोन-तीन काटक्या, कोष करायला
- वही आणि मोबाइल, रोजचा एक फोटो काढायला

झाकणाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा चालतो का असं खूप जण विचारतात, चालतो, पण पावसाळ्यात आत वाफ धरते आणि बुरशी येते, म्हणून मला जाळीच बरी वाटते.

४. अंडं शोधा, अळी नको

शक्यतो अंड्यापासून सुरुवात करा. मोठी अळी आणली की तिच्या पोटात आधीच गांधीलमाशीची पिल्लं वाढत असू शकतात, बाहेरून काहीच कळत नाही.

मादी कोवळ्या पानांभोवती थरथरत उडत असेल, क्षणभर टेकून पोट वाकवत असेल तर ती अंडी घालतेय असं समजा. ती गेल्यावर कोवळी पानं आणि शेंडे उलटून बघा, फिकट पिवळा, गोल, मोहरीपेक्षाही लहान मणी दिसेल, एका जागी बहुतेक एकच. आकडे लिहून ठेवा: अंडं फुटायला साधारण ३ ते ५ दिवस, अळी २ ते ३ आठवडे, कोष ८ ते १४ दिवस, थंडीत सगळंच जरा लांबतं.

अंडं खरवडून काढू नका, पानासकट किंवा शेंड्यासकट आणा. अंडं काळं पडलं तर दोन शक्यता, अळी आत तयार आहे आणि तिचं डोकं दिसतंय, किंवा त्यात दुसऱ्याच कुणीतरी अंडं घातलंय. ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी गांधीलमाशी हेच करते, किडींच्या बंदोबस्तासाठी शेतकरी शेतात जी ट्रायकोकार्डं लावतात त्यांच्यातून हीच माशी निघते.

अंड्यातून निघालेली अळी अगदी बारीक आणि काळपट असते. नंतर ती तपकिरी-काळी होते आणि मधे पांढरा पट्टा येतो, थेट पक्ष्याची विष्ठा वाटते, आणि ते सोंग मुद्दाम आहे, पक्षी लक्षच देत नाहीत. शेवटच्या टप्प्यात ती एकदम हिरवीगार होते. इथे लोक हमखास फसतात, काल काळी अळी होती आज हिरवी आहे, म्हणजे कुणीतरी दुसरी आली. दुसरी नाही, तीच आहे.

५. पानं, सगळ्यात मोठा घोळ इथेच

अळीला "कुठलंही हिरवं पान" चालत नाही. आई ज्या झाडावर अंडं घालते तेच, किंवा त्याच कुळातलं, नाहीतर ती उपाशी मरेल पण कोबी-पालकाला तोंड लावणार नाही. लिंबावरच्या अळीला कढीपत्ता, लिंबू, मोसंबी, लाइम बटरफ्लायला बेलसुद्धा चालतो. पण मधेच झाड बदलू नका, ज्यावर सापडली तेच शेवटपर्यंत द्या. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखरू केलं त्या ब्लू मॉरमॉनची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळावर वाढते, त्यामुळे झाडी जवळ असेल तर तीही तुमच्याकडे येऊ शकते.

आता सापळा. बाजारातून आणलेला कढीपत्ता घालू नका. त्यावर फवारणी झालेली असू शकते, आपण धुऊन फोडणीत टाकतो तेवढ्याने आपलं भागतं, अळीचं नाही, ती तासाभरात तडफडायला लागते, हिरवं ओकते आणि जाते. नर्सरीतून नवीन आणलेल्या रोपाचंही तेच, काही औषधं मुळातून शोषली जाऊन पानात उतरतात, वरून कितीही धुतलं तरी जात नाहीत. नवीन रोप आणलं की दोन-तीन महिने जाऊ द्या, त्यावर नवी फूट येऊ द्या, मग वापरा. सोसायटीच्या बागेतून पानं आणत असाल तर माळीकाकांना आधी विचारा, शेवटचं औषध कधी मारलं. निंबोळी तेलसुद्धा औषधच आहे, ते "नैसर्गिक" आहे म्हणून अळीला सूट मिळत नाही. डासांची अगरबत्ती आणि घरात मारायचा स्प्रे डब्याच्या खोलीत अजिबात नको.

दुसरं म्हणजे हिशोब ठेवा. एका छोट्या कुंडीच्या जिवावर दोन-तीनच अळ्या पाळा. पहिले काही दिवस ती इतकी कमी खाते की आपण गाफील राहतो आणि शेवटच्या पाच-सहा दिवसात ती जे खाते ते आधीच्या सगळ्या दिवसांच्या कितीतरी पट असतं, तेव्हा झाड बोडकं झालेलं असतं आणि रात्री दहा वाजता शेजाऱ्यांकडे पानं मागायची वेळ येते. झाडाची काळजी करू नका, निरोगी कढीपत्ता पुन्हा फुटतो.

दुसऱ्या अळ्यांच्या आवडी थोडक्यात: रुईवर काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली ती प्लेन टायगरची (रुई तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका), उंच सरळ अशोकाच्या आणि सीताफळाच्या पानांवर टेल्ड जेची, बहाव्यावर कॉमन एमिग्रंटची, एरंडावर काटेरी दिसणारी कॉमन कॅस्टरची. तगर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी, डोक्याजवळ निळे डोळे काढल्यासारखी आणि शेपटाला शिंग असलेली दिसली तर ती पतंगाची आहे. तिला काटकी नको, शेवटी ती तपकिरी होऊन खाली उतरते, तेव्हा डब्यात कोरडी माती आणि पालापाचोळा द्या.

आणि एक जिला पानच लागत नाही. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण झाला की त्याच्यातच तसलीच पांढरी पावडर अंगावर घेतलेली एक चपटी अळी कधीकधी फिरताना दिसते, ती एपफ्लाय नावाच्या छोट्या फुलपाखराची. ती पिठ्या ढेकूणच खाते. तिला सगळ्यात आधी वाचवा, तुमचं काम तीच करतेय.

६. रोजचं काम, पंधरा मिनिटांचं

सकाळी लेंड्या आणि सुकलेली पानं काढा, कागद बदला, ताजी पानं घाला. पानं धुतली असतील तर पूर्ण कोरडी करून. अळीला वेगळं पाणी लागत नाही, तिला पानातूनच मिळतं, स्प्रेने पाणी मारायचा मोह आवरा. बाटलीत फांदी उभी केली असेल तर तोंड कापसाने गच्च बंद करा, अळ्या देठावरून उतरत उतरत पाण्यात जातात आणि बुडून मरतात, हे फार घरांत होतं. डबा उन्हात ठेवू नका, काचेच्या बरणीत तर नाहीच. मुंग्या असतील तर डबा पाण्याच्या ताटलीत ठेवलेल्या वाटीवर ठेवा.

हलवायची वेळ आली तर अळीला ओढू नका, ती रेशमाच्या धाग्याला घट्ट धरून असते, पाय तुटतात. ज्या पानावर आहे ते पान कापून नव्या फांदीवर ठेवा, ती आपोआप जाते.

एखादी अळी काळी, मऊ पडून उलटी लोंबली आणि तिच्यातून पाणी सुटलं तर तो संसर्ग आहे. तिला कागदात गुंडाळून फेका, बाकीच्या वेगळ्या करा, डबा साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. गर्दी आणि दमटपणा कमी ठेवला तर ही वेळ क्वचित येते.

७. खाणं बंद झालं तरी घाबरू नका

अळीची कातडी तिच्याबरोबर वाढत नाही, म्हणून ती चार वेळा कात टाकते. त्याआधी दिवसभर ती एका जागी गप्प बसते, खात नाही, रंग फिका पडतो. नवीन माणूस इथे काळजीने तिला ढोसतो. ढोसू नका, पान बदलू नका, डबा हलवू नका. कात टाकून झाली की बऱ्याचदा तीच कात खाऊन टाकते, ते नॉर्मल आहे.

शेवटी हिरव्या अळीने खाणं सोडलं आणि एकदम पातळ, ओली विष्ठा केली तर ती आजारी नाही, कोषाची तयारी आहे, पोट रिकामं करतेय. मग ती तासन् तास डबाभर फिरते, जागा शोधते, जाळी नीट बांधलेली नसेल तर पडद्यामागे जाऊन बसते. काटक्या आधीच घालून ठेवा.

८. कोष

जागा पसंत पडली की ती शेपटाशी रेशमाची गादी विणते, कमरेभोवती एक धागा बांधून घेते आणि तिरकी टेकून राहते. एखाद्या दिवसात शेवटची कात निघते आणि खाली कोष असतो. कोषाचा रंग कधी हिरवा, कधी तपकिरी, ते आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं.

आत नेमकं काय चालतं ते मुलं विचारणारच. अळीचे बरेचसे स्नायू आणि आतडं मोडून नव्याने घडतात, आणि पंख, लांब पाय, सोंड यांची पेशींची छोटी बीजं अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, ती आता वाढतात. म्हणून पहिले दोन दिवस कोष अजिबात हलवू नका, तो अजून मऊ असतो.

कोष पडला तर टाकून देऊ नका. जाड कागदाचा निमुळता कोन करा, भिंतीला किंवा डब्याच्या आत चिकटवा आणि कोष डोकं वर, शेपूट खाली असा आत ठेवा, व्यवस्थित निघतं.

कोषाला बारीक गोल भोक दिसलं आणि तो हलका लागला, किंवा पांढऱ्या अळ्या धाग्यावरून खाली उतरल्या तर परजीवी माशीने डाव साधला. वाईट वाटतं, पण हा तिच्याही जगण्याचा भाग आहे. खिडकीच्या चौकटीत मातीचं घर बांधणारी कुंभारमाशी आपल्या पिल्लांसाठी अळ्याच भरून ठेवते, कढीपत्त्यावर टुणटुण उड्या मारणारा शिंपी पक्षी पिल्लांना अळ्याच भरवतो, चिमण्यांची पिल्लंही पहिल्या दिवसांत धान्यावर नाही, किड्या-अळ्यांवर वाढतात. झाडाच्या पानातलं बळ पक्ष्यांपर्यंत पोचवणारी मधली कडी अळीच आहे. म्हणून मी झाडावरच्या सगळ्या अळ्या कधीच घरात आणत नाही, निम्म्याहून जास्त तिथेच राहू देते.

९. बाहेर येण्याचा दिवस

आदल्या दिवशी कोष काळपट होतो आणि आतली पंखांची नक्षी दिसायला लागते. बहुतेक वेळा सकाळीच निघतं, त्यामुळे उठल्या उठल्या बघा. पंख चुरगळलेले, ओले असतात, ते ताबडतोब वर चढून लोंबतं आणि पंख खाली सोडून फुगवतं. त्याला पकडायला काटकी किंवा जाळी हवीच, गुळगुळीत प्लॅस्टिकवरून घसरून पडलं तर पंख तसेच वाकडे वाळतात आणि मग कधीच सरळ होत नाहीत. लालसर-तपकिरी थेंब पडतील, ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण आहे. मदत म्हणून कोष फोडायला जाऊ नका.

दोन-तीन तास काहीच करू नका. मग बघा, शेपटी नसलेलं, काळ्यावर फिकट पिवळे ठिपके आणि मागच्या पंखावर लाल डाग असेल तर लाइम बटरफ्लाय. शेपटी असलेलं, काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असेल तर कॉमन मॉरमॉन, पण त्याच्या माद्या फसवतात, काही माद्या कॉमन रोझ नावाच्या बेचव फुलपाखराची नक्कल करून लाल-पांढऱ्या दिसतात. शंका असेल तर फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, जाणकार लोक ओळखून देतात.

१०. सोडणं

जिथून अंडं आणलं तिथेच सोडा, दुसऱ्या गावाला घेऊन जाऊन नाही. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून अंडी-अळ्या उचलू नका, काही फुलपाखरांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षण आहे. ठाण्याजवळ राहत असाल तर ओवळेकर वाडी या फुलपाखरू उद्यानात जाऊन कुठल्या झाडावर कोण येतं ते जिवंत बघता येतं, नवख्यांनी जरूर जावं.

ऊन असेल तेव्हा डबा बाल्कनीत उघडा आणि बाजूला व्हा, पंख धरून उडवायला जाऊ नका, त्यावरचे खवले निघतात. पाऊस लागून राहिला असेल तर एक दिवस जाळीत ठेवलं तरी चालतं, पहिल्या दिवशी त्याला भूकही फारशी नसते. दुसऱ्या दिवशीही पाऊस असेल तर एक चमचा साखर दहा चमचे पाण्यात विरघळवून कापसाचा बोळा भिजवून ठेवा. पतंग निघाला असेल तर अंधार पडल्यावर सोडा, आणि त्या वेळी बाल्कनीतला दिवा बंद ठेवा, नाहीतर तो दिव्याभोवतीच फिरत बसतो आणि पालीच्या तोंडी जातो.